मुलींच्या टीमची कोच

गेल्या डिसेंबरात भाचीची झोनलची बास्केटबॉलची मॅच बघायला गेले होते. सिमेंटचं कोर्ट, सकाळची थंडी, कडेला पाण्याचे निळे जार, कुणाच्या तरी गुडघ्यावर मारलेल्या स्प्रेचा नाकात जाणारा वास, आणि बेंचवरच्या मुली एकमेकींच्या वेण्या घट्ट बांधून देत होत्या. मॅच शेवटच्या मिनिटापर्यंत अडकली होती, पण जिंकल्या. त्यांच्या मॅडम, ट्रॅकपँट आणि गळ्यात शिट्टी, आरडाओरडा जरा कमी झाल्यावर खाली बसून एका मुलीच्या घोट्याला क्रेप बँडेज बांधायला लागल्या. तेवढ्यात कमिटीतले एक सर आले, अगदी मनापासून खूश होते, म्हणाले, "मॅडम, कमाल केलीत! पुढच्या वर्षी तुम्हाला मुलांची टीम द्यायची. प्रमोशन!" सगळे हसले, टाळ्या पडल्या. मॅडम "बघू सर" एवढंच म्हणाल्या आणि पुन्हा बँडेजकडे वळल्या.

त्यात वाईट असं काहीच नव्हतं. सरांना कौतुकच करायचं होतं. पण ते वाक्य घरी येईपर्यंत डोक्यातून जाईना. कारण त्या वाक्यात एक जिना आहे, आणि मुलींची टीम त्या जिन्याची खालची पायरी आहे, आणि हे तिथल्या कुणालाही, अगदी त्या नुकत्याच जिंकलेल्या मुलींनाही खटकलं नाही. आम्ही खेळायचो तेव्हाही हेच होतं. संध्याकाळी पाच वाजले की कोर्ट मुलांचं. आम्ही त्याच्या आधी, भर उन्हात, सिमेंट तापलेलं असायचं, बॉलचे दाणे घासून गेलेले असायचे त्यामुळे हातातून सटकायचा, आणि पाचला पाच कमी असताना मुलं कडेला येऊन उभी राहायची, बोलायची काही नाहीत, नुसती उभी राहायची, की आपोआप आमचा खेळ आवरता व्हायचा. तेव्हा त्याचा राग यायचा असंही नाही. कोर्टवर ऊन आणि सावली पडते तसंच हे असं धरून चालायचो.

आणि मग मला पॅट समिट आठवली. हेच वाक्य तिलाही म्हटलं गेलं होतं, आणि एकदा नाही तर दोनदा.

ज्यांनी बास्केटबॉल फॉलो केलंय त्यांना नाव माहीत असेल. टेनेसी युनिव्हर्सिटीच्या, नॉक्सव्हिल गावातल्या, मुलींच्या टीमची कोच. ३८ सीझन, एकाच ठिकाणी. १,०९८ मॅच जिंकल्या, २०८ हरल्या, आठ वेळा नॅशनल चॅम्पियन. मी तिच्याबद्दल पहिल्यांदा वाचलं ते कॉलेज सुटल्यानंतर, आणि तेव्हापासून ती माझ्या डोक्यात एखाद्या नातेवाइकासारखी राहते आहे, म्हणजे जिच्यावर प्रेमही आहे आणि जिची थोडी भीतीही वाटते अशी एखादी मोठी मावशी. मला तिचे आकडे पाठ आहेत पण आकड्यांसाठी ती आवडत नाही. आवडते ती आधीच्या गोष्टींसाठी, जेव्हा आकडे नव्हतेच.

तिचा जन्म १९५२ चा, टेनेसीतल्या क्लार्क्सव्हिलजवळच्या शेतकरी घरातला. तीन मोठे भाऊ, एक धाकटी बहीण. तंबाखूची कापणी, गवताचे भारे बांधणं, गाईंचं दूध, हे सगळं भावांच्या बरोबरीने. दिवसभराचं काम झालं की रात्री गोठ्याच्या वरच्या माळ्यावर, जिथे चारा साठवायचे, तिथे बास्केट टांगलेली होती आणि दिवा लावलेला होता, तिथे ही भावंडं खेळायची. मी तो माळा कधी पाहिलेला नाही पण मला तो दिसतो, वाळलेल्या गवताची धूळ नाकात जातेय, पायाखाली लाकडी फळ्या वाजतायत आणि समोर आपल्याहून उंच, आडदांड भाऊ. मुलगी म्हणून तिथे कुणी धक्का हळू मारत नसणार. तिच्या डिफेन्सवर पुढे लोकांनी इतकं लिहिलं, मला वाटतं त्याचं मूळ त्या माळ्यावर आहे.

पण यातली मला सर्वात जास्त हलवून जाणारी गोष्ट तिच्या वडिलांची आहे. रिचर्ड हेड, अतिशय कडक माणूस, शब्द कमी, कौतुक तर जवळजवळ नाहीच. क्लार्क्सव्हिलच्या हायस्कूलला मुलींची बास्केटबॉल टीम नव्हती. शेजारच्या काउंटीत, म्हणजे शेजारच्या जिल्ह्यात म्हणा, होती. तर या माणसाने आख्खं घर हलवलं. काउंटीची हद्द ओलांडून पलीकडे हेन्रिएटा नावाच्या खेड्यात बिऱ्हाड नेलं, जुन्या पडक्या घरात, कशासाठी तर मुलीला टीममधून खेळता यावं. साठच्या दशकात. शेतकरी माणसाला घर हलवणं म्हणजे काय हे आपल्याकडे वेगळं सांगायला नको. आणि हा माणूस मुलीला जवळ घेऊन "शाब्बास" म्हणणारा नव्हता. मला या माणसाचं काय करावं ते कळत नाही. शब्दाने एक पैशाचं प्रेम दिलं नाही आणि कृतीने हद्द ओलांडली. अशी माणसं माझ्या आजोळीही होती, बहुतेक सगळ्यांच्याच असतात, आणि त्यांच्या मुलांना आयुष्यभर त्या न मिळालेल्या शब्दाची तहान राहते. पॅटलाही राहिली असणार, आणि तिचं ते कठोरपण बरंचसं तिथूनच आलं असणार.

कॉलेजला ती टेनेसीच्याच मार्टिन कॅम्पसला गेली. भावांना खेळाच्या स्कॉलरशिप मिळाल्या होत्या. मुलींना तेव्हा अशी स्कॉलरशिप नव्हती, तिची फी आईवडिलांनी भरली. ती कॉलेजात असतानाच, १९७२ मध्ये टायटल नाइन नावाचा कायदा आला की सरकारी पैसा घेणाऱ्या शिक्षणसंस्थांना मुलगा-मुलगी भेद करता येणार नाही. कायदा आला म्हणजे दुसऱ्या दिवशी कोर्ट मिळालं असं होत नाही, ते मिळवायला माणसं लागतात, आणि ती माणसं बहुतेक अशी विशी-बाविशीतली, काय करतोय ते नीट माहीत नसलेली असतात.

१९७४ मध्ये ती नॉक्सव्हिलला आली ती खरं तर मास्टर्स करायला आणि टीमची असिस्टंट म्हणून. तिथली हेड कोच रजेवर गेली आणि बावीस वर्षांच्या मुलीला सांगण्यात आलं, आता तूच हेड कोच. महिन्याला २५० डॉलर. टीममधल्या काही मुली तिच्याहून जेमतेम वर्षाने लहान. तिने कधी एकही प्रॅक्टिस घेतलेली नव्हती. व्हॅन तीच चालवायची, जर्सी तीच धुवायची, टीमला पैसे हवे म्हणून मुली डोनट विकायच्या, एकदा दुसऱ्या गावच्या जिममध्ये स्लीपिंग बॅग टाकून झोपल्या. पहिल्या प्रॅक्टिसला तिने मुलींना इतकं पळवलं की त्यातल्या चौघी पळत पळत दारातून बाहेर गेल्या त्या परत आल्याच नाहीत, असं ती स्वतःच सांगायची. आणि त्या डिसेंबरातली पहिली मॅच मर्सरविरुद्ध, ८४-८३. हरली. एका पॉइंटने.

हे सगळं करत असताना ती स्वतः अजून खेळाडू होती, हे मला फार विलक्षण वाटतं. कॉलेजच्या शेवटच्या वर्षी गुडघा गेलेला, लिगामेंट फाटलेलं, आणि त्या काळात अशी दुखापत म्हणजे खेळ संपला असंच धरायचे. तिच्या वडिलांनी डॉक्टरला सांगितलं की हिला ऑलिंपिकला जायचंय, गुडघा नीट करा. बस एवढंच. मग दिवसाला स्वतःची पदव्युत्तर पदवी, मुलींना शिकवणं, टीमची प्रॅक्टिस आणि उरलेल्या वेळात स्वतःचा गुडघा आणि स्वतःचा खेळ. १९७६ ला माँट्रियलमध्ये बायकांचं बास्केटबॉल पहिल्यांदा ऑलिंपिकमध्ये आलं, ती अमेरिकन टीमची सहकर्णधार होती, सोव्हिएत टीमच्या मागे रौप्य मिळालं. आठ वर्षांनी लॉस एंजेलिसला ती कोच म्हणून गेली आणि सुवर्ण घेऊन आली. त्या १९८४ च्या टीममध्ये किम मल्की नावाची एक बुटकी, चपळ गार्ड, म्हणजे बॉल पुढे नेणारी खेळाडू, होती. तिचं नाव लक्षात ठेवा, शेवटी लागेल.

एक गोष्ट फार कमी लोक सांगतात, ती मला आवर्जून सांगायची आहे. टेनेसीच्या शाळांत मुली तेव्हा सहा-सहा जणींचं बास्केटबॉल खेळायच्या. तिघी अर्ध्या कोर्टात फक्त डिफेन्स करणार, तिघी दुसऱ्या अर्ध्यात फक्त बास्केट टाकणार, आणि मधली रेघ कुणी ओलांडायची नाही. कारण काय, तर पूर्ण कोर्ट धावणं मुलींना झेपणार नाही. म्हणजे एखादी मुलगी चार वर्षं शाळेच्या टीममधून खेळली आणि तिने आयुष्यात एकदाही बास्केट टाकली नाही, असं होऊ शकायचं, कारण ती रेघेच्या चुकीच्या बाजूला होती! पॅट स्वतः त्याच राज्यातली. तिने जाहीर सांगून टाकलं की हा नियम बदलत नाही तोवर मी टेनेसीतल्या मुली माझ्या टीममध्ये घेणार नाही. स्वतःच्याच राज्यात, स्वतःच्याच लोकांना. सत्तरचं दशक संपता संपता नियम बदलला आणि मुली पाच जणींचं, पूर्ण कोर्टाचं खेळायला लागल्या. आठ चॅम्पियनशिप एकीकडे ठेवा आणि ही पुसलेली रेघ दुसरीकडे, मी रेघेकडे जाऊन उभी राहीन. "जास्त धावू नका गं" हे आम्हीही ऐकलंय, महिन्यातले काही दिवस तर हमखास, आणि सांगणाऱ्या सगळ्या प्रेमाच्याच बायका होत्या.

आता तिच्या कडकपणाबद्दल, कारण तो टाळून तिच्याबद्दल लिहिणं खोटं होईल.

तिची नजर प्रसिद्ध होती. निळे डोळे, पापणी न लवता बघायची, टाइम-आउटमध्ये खाली वाकून मुलीच्या चेहऱ्यापासून वीतभर अंतरावर. फोटोत बघतानासुद्धा मला पाठ ताठ करावीशी वाटते. सुरुवातीच्या वर्षांत एकदा टीम वेळेचा नियम मोडून रात्री पार्टीला गेली, तर दुसऱ्या दिवशी तिने कोर्टच्या चार कोपऱ्यांत चार कचऱ्याचे डबे ठेवले आणि स्प्रिंट सुरू केले, उलटी आली तर डब्यात करा आणि परत धावा. हे वाचून हसणारे लोक मी पाहिलेत. मला हसू येत नाही. आमच्याकडेही एक सर होते ज्यांच्या शिट्टीने पोटात गोळा यायचा, आणि त्यांच्या हाताखालच्या काही मुलींनी बॉलला पुन्हा कधी हात लावला नाही. कडकपणाने माणूस घडतो हे वाक्य जे घडले तेच सांगतात, जे मोडले त्यांना कोण विचारायला जातंय. त्यामुळे डब्यांची गोष्ट मला पटत नाही, आजही नाही.

पण मग दुसरी बाजू येते आणि मी अडखळते. तिच्या टीमच्या मुलींना एकही लेक्चर बुडवायला परवानगी नव्हती, आणि वर्गात पहिल्या तीन रांगांतच बसायचं. मागे नाही. आपल्या कॉलेजातली स्पोर्ट्सची पोरं कुठे बसतात ते आठवून बघा, बसली तर. तिच्याकडे ज्या मुली पूर्ण चार वर्षं खेळल्या त्यांतल्या एकूण एक ग्रॅज्युएट झाल्या. ३८ वर्षांत एकूण एक. अमेरिकेतल्या मोठ्या कॉलेजांत खेळाडूंना खेळवून, पिळून, डिग्रीशिवाय सोडून दिल्याच्या गोष्टी ढिगाने आहेत, आणि इथे ही बाई पहिल्या तीन रांगा मोजत बसलेली. म्हणजे ती ज्या डोळ्यांनी बॅकबोर्डखाली बघायची त्याच डोळ्यांनी मार्कशीट बघायची. माझ्या सरांनी माझी मार्कशीट कधी मागितली नव्हती. मला वाटतं फरक इथे कुठेतरी आहे, पण हा फरक त्या चार डब्यांना माफ करायला पुरेसा आहे का, हे मी अजून ठरवू शकलेले नाही.

जिंकायला तिला वेळ लागला, हे लोक विसरतात. पहिली चॅम्पियनशिप १९८७ ला, म्हणजे तेराव्या सीझनला. त्याआधी कितीदा तरी शेवटच्या टप्प्यात येऊन हरली, लोक म्हणायला लागले होते की हिला मोठी मॅच जिंकता येत नाही. मग १९८९, १९९१, आणि मग १९९६ ते ९८ सलग तीन. ९८ ची टीम ३९ पैकी ३९ जिंकली, शमीक्वा होल्ड्सक्लॉ, तमिका कॅचिंग्स वगैरे, त्यांच्याबद्दल सगळे बोलतात. मला त्याच्या आदल्या वर्षीची टीम जास्त जवळची. ती टीम सीझनमध्ये दहा मॅच हरली. टेनेसीसाठी हे म्हणजे घरात सुतक असावं तसं. आणि मार्चमध्ये, नॅशनल चॅम्पियनशिपच्या स्पर्धेत, तीच टीम एकेक करत सगळ्यांना हरवून चॅम्पियन झाली. दहा वेळा हरलेल्या मुलींना दर सोमवारी परत जिममध्ये आणणं, त्यांच्या डोळ्यांत बघणं आणि आपल्याला अजून वाटतंय की तुम्ही जिंकाल हे त्यांना खरं वाटायला लावणं, हे ३९-० पेक्षा अवघड असणार.

आणि मग विमानाची गोष्ट. १९९० चा सप्टेंबर, ती नऊ महिन्यांची गरोदर, आणि पेन्सिल्व्हेनियात मिशेल मार्सिनियाक नावाच्या खेळाडूच्या घरी तिला टीममध्ये बोलवायला गेलेली. कोचचं अर्धं आयुष्य हेच असतं, कुणाच्या तरी दिवाणखान्यात बसून आईबापांना पटवणं. तिथे बसलेली असतानाच पाणी गेलं. तिने बोलणं आटोपलं आणि विमानात बसली. वाटेत पायलट म्हणाले, व्हर्जिनियात उतरूया. ती म्हणाली, अजिबात नाही. त्याच वर्षी मार्चमध्ये व्हर्जिनियाच्या टीमने तिला हरवलं होतं, आणि त्या वर्षीचा फायनल फोर, म्हणजे शेवटच्या चार टीम्सचा टप्पा, तिच्याच गावी, नॉक्सव्हिलला होता, स्वतःच्या अंगणातल्या लग्नाला जाता आलं नव्हतं. मुलगा टेनेसीतच जन्मला, टायलर. ही गोष्ट अमेरिकेत विनोद म्हणून सांगतात. मी दोनदा आई झालेली बाई आहे, मला ती वाचताना हात घट्ट आवळावेसे वाटतात. त्याआधी तिचे कितीतरी गर्भपात झाले होते, हे तिने नंतर स्वतः लिहिलंय. इतक्या वाट बघून आलेल्या बाळासाठी ती घरी का बसली नाही असं विचारणाऱ्या बायका असतील, पुरुष तर असतीलच. मला ते विचारावंसं वाटत नाही. तिला दोन्ही हवं होतं आणि त्या दिवशी दोन्ही एकाच वेळी आलं.

व्हर्जिनियाच्या त्या टीममध्ये डॉन स्टॅली नावाची एक गार्ड होती. पुढच्या वर्षी, १९९१ च्या फायनलला टेनेसीने व्हर्जिनियाला जादा वेळेत ७०-६७ असं हरवलं, आणि हरूनही त्या फायनल फोरची सर्वोत्तम खेळाडू स्टॅलीच ठरली. आज ती साउथ कॅरोलायनाच्या मुलींची कोच आहे, तीन वेळा चॅम्पियन. २०२४ ला तिच्या टीमने केटलिन क्लार्क या गाजलेल्या खेळाडूच्या आयोवा टीमला फायनलमध्ये हरवलं, ती मॅच अमेरिकेत सरासरी १ कोटी ८९ लाख लोकांनी बघितली. त्या वर्षीच्या पुरुषांच्या फायनलपेक्षा जास्त. १९७४ मध्ये मुली डोनट विकत होत्या.

तर ते वाक्य. टेनेसीच्या पुरुषांच्या टीमची कोच होशील का, असं पॅटला तिच्या युनिव्हर्सिटीतून दोनदा विचारलं गेलं. तिने दोन्ही वेळा नाही म्हटलं, आणि उलट विचारलं की ही वरची पायरी आहे असं तुम्हाला का वाटतं? ती घाबरली असेल, पुरुषांना शिकवायला जमणार नाही असं वाटलं असेल, वगैरे म्हणणारे होते. जिच्या टीमच्या प्रॅक्टिसला मुलगे रोज समोर खेळायला असायचे आणि तिच्या शिव्या खायचे, ती कशाला घाबरेल? मला वाटतं तिला खरोखरच कळत नव्हतं की वर म्हणजे कुठे. तिने ज्या घरात वीट वीट रचली त्या घराला सगळे ओसरी समजत होते आणि म्हणत होते, चला, आता आत या.

आणि यात पैशाचा भाग आहे, तो भावनेच्या नावाखाली झाकायला नको. पुरुषांच्या टीमचा कोच जास्त कमवायचा, आजही बहुतेक ठिकाणी कमावतो. आमच्या त्या सरांनी "प्रमोशन" म्हटलं ते काही हवेतून म्हटलं नाही. २००६ मध्ये पॅटचा पगार वर्षाला दहा लाख डॉलरच्या वर गेला, मुलींच्या टीमच्या कोचला एवढा पगार पहिल्यांदाच. २५० डॉलर महिन्यापासून तिथपर्यंत ती टीम न बदलता, गाव न बदलता गेली. म्हणजे तिने जिना चढला नाही, पायरीच वर उचलली. पण याचीच एक कडू बाजू अशी की पैसा आला तसे पुरुषही आले. टायटल नाइन आलं तेव्हा अमेरिकी कॉलेजांत मुलींच्या ९० टक्क्यांहून जास्त टीम्सच्या कोच बायका होत्या, आज ते प्रमाण ४० टक्क्यांच्या आसपास आहे. पुरुष मुलींच्या टीमकडे सहज येतात, बाई मुलांच्या टीमकडे जवळजवळ कधीच जात नाही. दार एकाच बाजूने उघडतं. मुलींना चांगला कोच मिळाला तर तो पुरुष असला म्हणून काय बिघडलं, असं मी एरवी म्हटलं असतं. पण नव्वदचे चाळीस झाले हे वाचल्यापासून मला ते इतक्या सहज म्हणता येत नाही.

शेवटची वर्षं. २००९ च्या फेब्रुवारीत तिने हजारावी मॅच जिंकली, आणि मार्चमध्ये तिची टीम बॉल स्टेट नावाच्या साध्याशा टीमकडून पहिल्याच फेरीत हरली, असं त्याआधी कधीच झालं नव्हतं. त्यानंतर कधीतरी ती विसरायला लागली. प्ले, म्हणजे ठरलेल्या चाली, आठवेना, मीटिंगची वेळ आठवेना. संधिवाताची औषधं चालू होती, त्यांचाच परिणाम असेल असं आधी वाटलं. २०११ ला मेयो क्लिनिकमध्ये कळलं, अल्झायमर, वय ५९ सुद्धा पूर्ण नाही. ऑगस्टमध्ये, सीझन सुरू व्हायच्या आधी, तिने आधी टीमला आणि मग सगळ्या जगाला सांगून टाकलं. माझी कीव कुणी करायची नाही, हेही सांगितलं.

आमच्या घरात हा आजार येऊन गेलाय. आमच्याकडे बाहेर "वय झालंय आता" एवढंच सांगायचं असं न बोलता ठरलेलं होतं. पाहुणे आले की त्यांना आतल्या खोलीत बसवायचं, प्रश्नांची उत्तरं आपणच पटकन द्यायची. त्यात लाज होती, आणि मायाही होती, त्यांचं हसं होऊ नये म्हणून. म्हणून मला पॅटने जे केलं ते किती अवघड आहे हे कळतं. तिची तर ओळखच सगळं लक्षात असण्याची होती, वीस वर्षांपूर्वीच्या मॅचमधला कुणाचा चुकलेला पास आठवणारी बाई. तिने ते प्रेक्षकांनी भरलेल्या जिममध्ये, बेंचवर बसून, विसरायचं कबूल केलं.

त्या सीझनला टाइम-आउटमध्ये बहुतेक बोलायची ती हॉली वॉर्लिक. ती आधी पॅटची खेळाडू आणि मग २७ वर्षं तिची असिस्टंट. पॅट कधी शेजारी बसून नुसती बघायची. काही जणांना तेव्हा वाटत होतं की तिने थांबायला हवं, टीमवर अन्याय होतोय. शेवटच्या वर्षाच्या ज्या मुली होत्या त्यांना कोच म्हणून तिची शिल्लक मिळाली हे खरं आहे. तरी मला वाटतं ती थांबली नाही हे बरोबर होतं. पहिल्या वर्षीच्या मुलींना तरी काय मिळालं होतं, प्रॅक्टिस कशी घेतात हे माहीत नसलेली बावीस वर्षांची पोर. मधल्या छत्तीसेक वर्षांवर हक्क सांगायचा आणि दोन्ही टोकं नाकारायची, हे मला पटत नाही.

शेवटची मॅच २०१२ च्या मार्चमध्ये, डे मॉइनला, बेलरविरुद्ध. हरली, ७७-५८. समोरच्या बेंचवर कोच कोण, तर किम मल्की, ती लॉस एंजेलिसची बुटकी गार्ड. बेलर त्या वर्षी ४० पैकी ४० जिंकून चॅम्पियन झाली. एप्रिलमध्ये पॅटने आपली शिट्टी हॉलीच्या हातात दिली. २०१६ च्या जूनमध्ये ती गेली, ६४ वर्षांची. तिचा १,०९८ चा आकडा २०२० मध्ये स्टॅनफर्डच्या टॅरा व्हॅनडर्व्हीरने ओलांडला, टॅराचा पुढे २०२४ मध्ये जीनो ऑरिएमाने. रेकॉर्ड मोडायलाच असतात, त्याचं मला काही वाटलं नाही.

भाचीला हे सगळं मी एका संध्याकाळी सांगितलं, सलग नाही, स्वयंपाक करता करता. तिने मध्येच थांबवून फक्त एक विचारलं, "मावशी, पण तिला पर्मनंट कधी केलं?" मला आधी प्रश्नच कळला नाही. मग कळला. तिला बीपीएड, म्हणजे शारीरिक शिक्षणाची पदवी, करायचीय, जमलं तर पुढे पतियाळाचा एनआयएसचा कोचिंगचा डिप्लोमा, आणि तिच्या त्या मॅडम, झोनल जिंकून देणाऱ्या, अजून तासिका तत्त्वावर आहेत, उन्हाळ्याच्या सुट्टीत पगार नाही. ताईचं आणि भाओजींचं म्हणणं आहे की आधी बीएड कर, शिक्षिका हो, खेळ काय बाजूने होतच राहील. मी त्यांच्याशी भांडले नाही कारण त्यांची काळजी खोटी नाही, मुलींच्या टीमची पूर्णवेळ, पगारी, कायम कोच आमच्या जिल्ह्यात मला कुठे दिसलेली नाही. फॉर्मची फी मात्र मी भरलीये, बीपीएडच्या.